आधी डोकी, मग भांडी

ग्रामसेवक सुजित नकाशाची गुंडाळी काखेत मारून आला, तेव्हा अब्दुस्समदभाई पडवीत बसून नारळ सोलत होते. सोमवारची सकाळ होती. सुजितला त्यांची एक सही हवी होती आणि ती घेऊन अकराची एसटी पकडायची होती. अकराची गेली, साडेबाराचीही गेली, तरी सही काही झाली नाही.

गोष्ट तशी साधी होती. मुरुडच्या अलीकडे समुद्राला टेकून बसलेल्या माडखार गावाला मासळी बाजाराची नवी शेड मंजूर झाली होती. आजवर हा बाजार बंदराच्या भिंतीला धरून उघड्यावरच भरायचा. आता वर पत्रे, खाली लादी, ओळीने ओटे आणि एका टोकाला संडास-मुताऱ्या असा बेत होता. अर्जाच्या शेवटी 'जाणकार व्यक्तीचा अभिप्राय' असा एक रकाना होता, आणि ह्या विषयातला जाणकार गावात एकच. समदभाईंनी तीस वर्षं मस्कतला मोठमोठ्या इमारतींच्या नळकामावर काढली होती, त्यातली बारा फोरमन म्हणून. एखाद्या इमारतीत किती माणसं येणार आणि त्यांना किती संडास, किती बेसिनं लागणार, हे ठरवण्यात त्यांची उमर गेली होती. परत येऊन चार वर्षं झाली, पण गावात त्यांना ह्यातलं अवाक्षर कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारत ते खजुराबद्दल.

"चाचा, फक्त हितं सही करा," सुजित म्हणाला.

समदभाईंनी चष्मा लावला, नकाशा पसरला, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार नारळ ठेवले आणि ते वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

"पुरुषांना तीन मुताऱ्या, दोन संडास," ते म्हणाले. "बायकांना एक. आणि तोही सामानाच्या खोलीतून आत."

"सामान थोडंच असतं, चाचा. झाडू, बादली."

"हा आकडा काढला कुणी?"

"काढला म्हणजे... आधीच्या एका नकाशावरून घेतला."

"कुठल्या बाजाराच्या?"

सुजितने मान खाजवली. "बाजाराचा नव्हता तो. ट्रक थांब्याचा होता."

समदभाईंनी चष्मा काढला. "ऐक, सुजित. ह्या कामाचा एक कायदा आहे. आधी डोकी मोजायची, मग भांडी ठरवायची."

नळकामात भांडं म्हणजे संडासाचं भांडं. पण आतून त्यांच्या बायकोचा, तैयबाचा, आवाज आला, "भांडी कालच मोजलीत मी. चौदा हायत. कुणाला देऊ नका."

अर्ज शुक्रवारी तालुक्याला पोचायला हवा होता. "गुरुवारपर्यंत मी तुला आकडा देतो," समदभाईंनी शब्द दिला. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं तेज आलं होतं, की नको म्हणायचा सुजितला धीर झाला नाही.

मंगळवारी सकाळी सहा वाजता समदभाई इस्त्रीचा शर्ट घालून बाजारात हजर झाले. बर्फवाल्या सदूच्या हातगाडीशेजारी एक उपडा क्रेट टाकून बसले. मांडीवर वही. उजव्या मुठीत मोजणीचं छोटं यंत्र, अंगठ्याने दाबलं की टिक् करून आकडा पुढे सरकवणारं. मस्कतला कामगार गेटातून आत येताना ते ह्यानेच मोजत. गावाने मात्र ते कधी पाहिलं नव्हतं. डोळे अर्धवट मिटून टिक् टिक् करणारे समदभाई बघून सदूला वाटलं, चाचा हल्ली समुद्राकाठी बसून अल्लाचं नाव घेतात. तो बर्फसुद्धा हळू फोडू लागला.

एक वाजता बाजार उठला तेव्हा हिशेब तयार होता. बायका सेहेचाळीस, पुरुष अकरा. इथवर ठीक. पण नुसती डोकी मोजून भागत नाही; कितीजण किती वेळा उठून जातात, तेही बघावं लागतं. तेही त्यांनी नोंदलं होतं. भिंतीच्या मागे जाऊन आलेले पुरुष: एकोणतीस वेळा. उठून कुठेही गेलेल्या बायका: शून्य.

समदभाईंनी तो शून्य पुन्हा पुन्हा पाहिला. सात तास, सेहेचाळीस बायका, आणि एकही नाही? मस्कतला असा आकडा आला असता तर दाराला बाहेरून कुलूप तर नाही ना, हे बघायला त्यांनी आधी माणूस धाडला असता.

"सदू, बायका मधे कुठं जात नायत?"

"कुठं जातील? गिऱ्हाईक सोडून?"

आता विचारायचं तर चंद्राबाईलाच. चंद्राबाई बाजाराची म्होरकी. वय साठीचं, आवाज असा की भरतीच्या वेळीही होडीपर्यंत पोचावा. ती उरलेल्या मांदेलीवर ओलं फडकं टाकत होती.

"चंद्राबाई, एक विचारायचं होतं."

"इचारा. पापलेट न्हाय आज."

"मासळीचं नाय. तुम्ही सगळ्याजणी सकाळी सहाला येता, त्या एक वाजेपर्यंत बसता."

"बसतो."

"मग मधे कधी... जावं लागत असेल."

"कुठं?"

समदभाईंनी समुद्राकडे बघितलं. मस्कतला हा शब्द ते दिवसातून शंभरदा उच्चारत, अरबीत, हिंदीत, इंग्रजीत. पण मराठीत, आणि तोही चंद्राबाईच्या तोंडावर, काही केल्या जिभेवर येईना. "बाजूला," ते म्हणाले.

"बाजूला ही कोकिळा बसतंय."

"तसं नव्हे. मी जागेचं म्हणतोय. तुम्हा बायकांना जागा किती लागेल ते ठरवायचंय. म्हणून मोजतोय."

चंद्राबाईचा हात थांबला. "जागा? नवीन शेडमदली?"

"हां, तीच." निदान कळलं तरी, म्हणून त्यांना हायसं वाटलं.

"म्हंजे जिला मोजली तिलाच जागा?"

"आता मोजल्याशिवाय जागा कशी देणार, चंद्राबाई?"

"बरोबर हाय तुमचं," चंद्राबाई म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन अशी झपाझप चालू लागली, की मागे कोकिळाला पळावं लागलं.

बुधवारी समदभाई बाजाराच्या वळणावर आले आणि जागीच थबकले. भिंतीपासून पार बंदराच्या टोकापर्यंत बायकाच बायका बसल्या होत्या. सुना, नणंदा, मुंबईला दिलेल्या लेकी. एका नव्या नवरीच्या हातावरची मेंदीसुद्धा अजून उतरली नव्हती. कुणापुढे पाटीत तीन बांगडे, कुणापुढे मूठभर सुकट. एकीच्या पाटीत नुसती कोथिंबीर होती.

"ही मासळी आहे?" समदभाईंनी विचारलं.

"मासलीला लागतं ना," ती ठसक्यात म्हणाली. "मोजा."

कोकिळाची सासू वेणूबाई नव्वदीला टेकलेली. दहा वर्षांत तिने उंबरा ओलांडला नव्हता. तिला प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून आणून ओळीत ठेवलं होतं. मांडीवर एक सुका बोंबील ठेवून ती गाढ झोपली होती. समदभाई जवळ आले तसं कोकिळाने तिचा हात धरून वर केला.

समदभाई तीस वर्षं शिस्तीत मुरलेले. समोर दिसतं ते डोकं मोजायचं, त्याच्या हेतूत शिरायचं नाही. त्यांनी मोजलं. एकशे एकाहत्तर.

दुपारी पंचायतीच्या कचेरीत त्यांनी पेन्सिलने नवा नकाशा काढला. त्यांच्या जुन्या तक्त्याप्रमाणे दर पंचवीस बायकांमागे एक भांडं, म्हणजे सात. शिवाय बेसिनं, हातपाय धुवायची जागा, पाण्याची टाकी, मैल्याची टाकी. सुजितने नकाशा आधी सुलटा धरला, मग उलटा.

"चाचा, ह्यात बाजार कुठाय?"

"हा काय. नऊ ओटे बसतात की."

"एकशे एकाहत्तर बायका आणि नऊ ओटे?"

"तक्ता म्हणजे तक्ता, सुजित. तो मी नाय केलेला."

"लोक मला ह्या संडासातच कोंडतील, चाचा," सुजित रडकुंडीला येऊन म्हणाला. "वर बायका मला इचारतायत, माझा ओटा कितवा. तुम्ही त्यांना सांगितलंत काय?"

काय सांगितलं ते समदभाईंच्या हळूहळू ध्यानात आलं. त्यांचे कान लाल झाले. नकाशा गुंडाळून ते घरी आले, ते मान खाली घालूनच.

तैयबा चुलीपाशी तांदळाची भाकरी थापत होती. समदभाईंनी पाटावर बसून सगळं सांगितलं. ट्रक थांबा, कोथिंबीर, वेणूबाईचा वर केलेला हात. तैयबा हसून हसून परातीवर वाकली.

"हसू नको. खरी गोम वेगळीच आहे," ते म्हणाले. "डोकी चुकली, मान्य. पण तो शून्य? सात तासांत एक बाई उठत नाय. हे कसं होतं, ते मला सांग."

तैयबाचं हसू ओसरलं. "पाणीच पीत नायत, तर उठतील कशाला?"

"पाणी का पीत नायत? एवढ्या उन्हात?"

"उठून जायला जागा नाय म्हणून."

वाक्य सोपं होतं, पण ते त्यांच्या कुठल्याच तक्त्यात नव्हतं. "तुला कसं ठाऊक? तू कुठं बाजारात बसतेस?"

"बाजारात बसायला कशाला हवं? मी पण नाय पीत." तिने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला. "शादीला जायचं असलं, मैतीला जायचं असलं, एसटीनं कुठं जायचं असलं, की सकाळपासून पाणी बंद. माझी अम्मीही नाय प्यायची. आपला रय्यान लहान असताना त्याला अलिबागच्या डॉक्टरला दाखवायला नेलं होतं, आठवतं? नाय, तुमी कुठं होतात. सकाळच्या गाडीनं गेले, तिसऱ्या प्रहरी आले. घरात पाय ठेवला आणि तुमचा फोन."

"मग?"

"तुमी लय खुशीत होतात. कुठल्याशा मोठ्या इमारतीत नव्वद बेसिनं बसवली होती तुमी. नुसता हात पुढं केला की पाणी येतं, म्हणत होतात. मी एका हातात फोन धरला आणि दुसऱ्या हातानं तांब्या तोंडाला लावला. तुमी म्हणालात, ऐकतेस ना? मी म्हटलं, ऐकतेय."

भाकरी फुगली. तैयबाने ती त्यांच्या ताटात वाढली. समदभाईंनी ती मोडली नाही. नव्वद बेसिनांचा तो दिवस त्यांनाही आठवत होता. त्या दिवशी साहेबाने सगळ्यांसमोर त्यांची पाठ थोपटली होती. ते उठले, माठातलं पाणी तांब्यात घेतलं आणि तिच्यापुढे आणून ठेवलं.

"आता कशाला? आता तर घरात हाय मी," ती म्हणाली. पण त्यांचा चेहरा बघून तिने तांब्या उचलला आणि प्यायली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "उद्या मी येते बाजारात. तुमच्यानं नाय व्हायचं हे."

गुरुवारी तैयबा कळशीभर कोकम सरबत घेऊन बाजारात गेली. मागून समदभाई चालले होते, हातात पेल्यांची पिशवी. आजही ओळ बंदराच्या टोकापर्यंत होती. तैयबा पहिल्या बाईपुढे बसली आणि पेला भरला.

"घे गो. ऊन बघ केवढं हाय."

बाईने पेला घटाघट रिकामा केला. "आनखी हाय?"

"हाय की," तैयबा म्हणाली आणि नवऱ्याकडे बघून तिने मान आडवी हलवली. समदभाईंना काही कळेना. त्यांचा अंगठा यंत्रावर तसाच राहिला.

दुसरी बाई. तिच्यापुढे भरलेली पाटी, हात बर्फाने पांढरे पडलेले. "नको बाय," ती म्हणाली. "आताशी आठ वाजलेत. एक वाजेतवर नको."

"ही एक," तैयबा हळूच म्हणाली. "मोजा."

आता समदभाईंच्या डोक्यात उजेड पडला. जी पिते ती तासाभराने घरी जाणारी. जी नको म्हणते ती दिवसभर बसणारी. ज्या बायकांना संडास हवा होता, त्या सगळ्या एकेक करून सरबताला नको म्हणत होत्या. एवढी सोपी आणि एवढी पक्की मोजणी त्यांनी तीस वर्षांत केली नव्हती. नव्या नवरीने दोन पेले घेतले. कोथिंबीरवालीने एक घेतला आणि एक बरोबर न्यायला मागितला. वेणूबाई जागी झाली, पेलाभर प्यायली आणि साखर कमी आहे म्हणाली. कोकिळाने ओठ ओले केले आणि पेला परत दिला. टिक्. चंद्राबाईने पेला हातात घेतला, नाकाशी नेला, डोळे मिटून वास घेतला आणि खाली ठेवला.

"बावन्न," समदभाई म्हणाले. मंगळवारी सहाजणी लिलावाला दुसऱ्या बंदरात गेल्या होत्या, तेही जुळलं.

"काय बावन्न?" चंद्राबाईने विचारलं. "वटे?"

समदभाईंनी पुन्हा समुद्राकडे बघितलं. तैयबाने बघितलं नाही. ती उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "वटे नायत गो. संडास. तुमाला संडास किती हवेत ते मोजायला येतायत हे तीन दिवस."

मग चंद्राबाईने कपाळाला हात लावला. "जल्लं तुमचं लक्षन, समदभाई! आन् तीन दिस नुसतं बाजूला, बाजूला करताव!"

अख्खी ओळ हसली. सदू बर्फ फोडायचा थांबून हसला, आणि कान लाल झालेले असतानाही समदभाईंना हसू आवरेना. पाहुण्या बायका पाट्या उचलून घरी निघाल्या. वेणूबाई तेवढी जाईना. दहा वर्षांनी समुद्र बघतेय, म्हणाली, मला हितंच ठेवा. तिची खुर्ची सावलीत सरकवून दिली.

उरलेल्या बावन्नजणी मग बोलू लागल्या आणि समदभाई लिहू लागले. वहीची पानं भरली. दार एसटी थांब्याकडे तोंड करून नको. कडी आतून हवी, आणि ती गंजणारी नको. आत खुंटी हवी, नाहीतर पैशाची पिशवी ठेवायची कुठं? बाहेर पाट्या ठेवायला कट्टा हवा, तोही उंच, मांजरं चढतात. नळ खाली हवा, बादलीच्या उंचीला. उजेड हवा.

"बावन्न म्हणजे तक्त्याप्रमाणे तीन भांडी," समदभाई म्हणाले.

"तीन?" कोकिळाने कासोट्याला हात लावला. "हा सोडायचा, मग बांदायचा. बर्फात हात घालून बोटं वलत न्हायत. एकेकीला किती टाइम लागंल? तुमच्या तक्त्यानं कदी लुगडं नेसलंय काय?"

समदभाईंनी तीन खोडून पाच लिहिलं.

शुक्रवारी अर्ज गेला. बायकांना पाच, पुरुषांना एक संडास आणि दोन मुताऱ्या. 'जादा मागणीचे कारण' ह्या रकान्यात समदभाईंनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'येथील स्त्रिया सोय नसल्यामुळे दिवसभर पाणी पीत नाहीत.'

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. सुजितने ते पडवीत उभ्याउभ्याच वाचून दाखवलं. "सदर महिला पाणी पीत नसल्यास पाच शौचालयांचे प्रयोजन स्पष्ट करावे. तपासणीसाठी अधिकारी येत आहेत."

समदभाई दोन दिवस धड जेवले नाहीत. आकडा कापणार, असं त्यांना वाटत होतं. पाचाचा पुन्हा एक होणार, सामानाच्या खोलीतला. आणि ह्या वेळी ते कुठल्या परक्या इमारतीचं काम नव्हतं.

साहेब आला तो मे महिन्याच्या ऐन उन्हात, सकाळी दहाला. भला माणूस होता. टेप धरून त्याने स्वतः जागा मोजली, घाम पुसत पुसत. कोकिळाने शहाळं फोडून दिलं. ते संपलं तसं चंद्राबाईने दुसरं दिलं. मग तैयबाचं सरबत आलं. पाहुण्याला नको म्हणू द्यायची माडखारात रीत नाही, आणि साहेबालाही तहान होती. पाऊण तास गेला. साहेब टेप गुंडाळताना एका पायावरून दुसऱ्या पायावर होऊ लागला. भिंतीच्या मागे जावं, तर आज तिथेच लिलाव रंगला होता आणि भिंतीला टेकून बायकांची रांग बसली होती. त्याने सुजितच्या कानाशी लागून काहीतरी विचारलं. सुजितने समदभाईंकडे बघितलं. समदभाईंना लगेच कळलं. असल्या चेहऱ्याला भाषा लागत नाही, हे ते मस्कतपासून जाणून होते.

चंद्राबाईलाही कळलं. "सायेब, जरा कल काढा," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता. घरच्या माणसाला सांगावं तसं ती सांगत होती. "जमतंय. आमी रोज सात तास काढतो."

तेवढ्यात तैयबा पुढे झाली. "आमच्या घरी चला, भाऊ. दहा मिनिटांचा रस्ता. अजी, न्या त्यांना, बघत काय ऱ्हायलात?"

समदभाई साहेबाला घेऊन निघाले. पहिली पाच मिनिटं साहेब गप्प चालत होता, पुढची पाच जवळजवळ पळत. घरून परत येताना मात्र दोघं सावकाश आले. वाटेत साहेबाने विचारलं, "ह्या बायका खरंच पाणी पीत नाहीत?"

"मलाही ठाऊक नव्हतं," समदभाई म्हणाले. "माझ्या घरातलंच ठाऊक नव्हतं."

साहेबाने जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि पाचाच्या आकड्यापुढे सही केली. खाली लिहिलं, 'प्रयोजन प्रत्यक्ष पडताळले.'

काम पुढच्या उन्हाळ्याआधी पुरं झालं. पाचही भांडी समदभाईंनी स्वतः उभं राहून बसवून घेतली, कड्या तीनदा बदलायला लावल्या, उतार लेव्हलने तपासला. बाजार सुरू झाला त्या सकाळी ते सहा वाजताच शेडच्या टोकाला जाऊन उभे राहिले. पांढऱ्या लाद्या, उंच कट्टा, खुंट्या, नळाला पाणी. आठ वाजले. कुणी आलं नाही. नऊ झाले. बायका ओट्यांवरून बघत होत्या, कुजबुजत होत्या, पण उठेना एकही. कडी घट्ट आहे की काय? दाराचं तोंड चुकलं? त्यांनी जाऊन पहिलं दार उघडून बंद करून बघितलं. मग दुसरं.

दहाला चंद्राबाई उठून आली. "समदभाई, तुमी घरी जा."

"का? काही राहिलं?"

"काय न्हाय ऱ्हायलं. लय चांगलं झालंय. पन तुमी दाराशी हुबं हाव तवर कोन कशी जाल? सकालपास्नं समद्या दम धरून हाईत. कोकिलाचे डोले बगा."

समदभाई एवढ्या घाईने निघाले, की छत्री विसरले.

घरी तैयबा नव्हती. सकाळी त्यांच्या मागोमाग तीही बाजाराकडे आली होती, एवढं त्यांना माहीत होतं. एक वाजला, दीड वाजला. चूल थंड. समदभाईंनी भात टाकला; पाणी किती घालायचं ह्याचा तक्ता त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळे त्याची पेज झाली. ती मीठ घालून ते प्यायले. जन्मात तैयबा बाहेरून एवढ्या उशिरा आली नव्हती. कुठेही गेली तरी तिचा जीव घराकडे धावायचा. संसाराची ओढ, असं ते इतकी वर्षं समजत आले होते.

चारला ती आली. हातात कोळंबीची पिशवी, चेहरा उन्हाने लाल आणि हसरा.

"एवढा वेळ?"

"बाजार उठला तरी बसले होते चंद्राबाईच्या वट्यावर. गप्पा मारल्या. आधी पाणी प्याले, मग सदूनं सोडा दिला, मग दोनदा चहा झाला." ती पडवीत टेकली आणि पाय लांब केले. "काय काय बोलत असतात हो बाजारात! मला काय ठाऊकच नव्हतं. घाईच असायची सदानकदा."

समदभाई तिच्या शेजारी बसले.

"परवा आमी तिघी मुरुडला जातोय," ती म्हणाली. "मी, चंद्राबाई न् कोकिळा. सकाळी जाणार, सांजचे येणार. बाजार करणार, किनाऱ्यावर बसणार." मग तिने विचारलं, "अजी, मुरुडच्या स्टँडवर कसे हायत हो? आणि किनाऱ्यावर?"

"मला काय ठाऊक? मी कधी बघितले नायत."

"मग बघून या ना. कडी आतून लागते का बघा, खुंटी हाय का बघा. पाचची एसटी हाय."

"आत्ता? आणि जेवण?"

"आल्यावर कोळंबी वाढते. जा, गाडी जाईल."

समदभाईंनी तिच्याकडे एकदा बघितलं. मग निमूटपणे वही शर्टाच्या खिशात घातली आणि थांब्याकडे चालू लागले. गाडीत कंडक्टरने विचारलं, "काय चाचा, मुरुडला काय काम काढलंत?"

समदभाई खिडकीबाहेरच्या समुद्राकडे बघणार होते. पण त्यांनी सरळ कंडक्टरकडे बघितलं आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "संडास बघायला चाललोय. बायकोला जायचंय परवा."